मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही आपल्याला ‘मोठी’ होईल का, हे कसं ठरवायचं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की उंची ५ फूट २ इंच, सहा वर्षं वॅगनआर चालवताय, पुण्यात राहता, आणि आता टाटाची हॅरियर ईव्ही किंवा महिंद्राची एक्सईव्ही ९ई घ्यायचं मनात आहे पण घरचे म्हणतात ‘तुला ती मोठी होईल’. एरवी गाड्यांचे प्रश्न मी वाचून सोडून देते, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवून टाईप करायला बसले.

माझी उंची ५ फूट १. वय ५३. आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून मी एक्सईव्ही ९ई चालवतेय, त्याआधी वॅगनआरच होती. तेव्हा मला मोठी होईल हे वाक्य मी नवरा सोडून झाडून सगळ्यांकडून ऐकलंय. नवरा तसं म्हणाला नाही कारण तो गाडीच चालवत नाही, गाडीत बसल्यावर वारज्याच्या पुढे त्याला झोप लागते.

माझं मत सरळ आहे. माणसाला स्वेटर मोठा होतो. गाडी मोठी होते ती बोळाला, नाहीतर पार्किंगला. त्यामुळे तुमची उंची विसरा आणि मेजरटेप काढा. वॅगनआर १६२० मिमी रुंद, एक्सईव्ही ९ई १९०७. फरक २८७ मिमी, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. हाताने धरून बघा, एवढंच आहे ते. लांबीत मात्र फरक मोठा आहे, ३६५५ आणि ४७८९, म्हणजे पावणेचार फूट जास्त. हॅरियर ईव्ही लांबीला त्यामानाने कमी, ४६०७, पण तिची रुंदी २१३२ लिहिलेली बघून घाबरू नका, त्यात आरसे धरलेत, ९ई च्या १९०७ मध्ये आरसे नाहीत. दोन ब्रोशर शेजारी ठेवून रुंदी ताडून बघणारे सगळे इथेच फसतात, मीही फसले होते आणि आठ दिवस हॅरियरला उगाच नावं ठेवत होते.

वळायचं म्हणाल तर उलट मजा आहे. ९ई चा टर्निंग सर्कल, म्हणजे पूर्ण गोल वळायला लागणारी जागा, १० मीटर सांगतात, आपल्या वॅगनआरचा ९.४ च्या आसपास. एवढ्या धुडाला फक्त दोन फूट जास्त! कारण मोटर मागच्या चाकांवर आहे, पुढच्या चाकांना गाडी ओढायची नसते, नुसतं वळायचं असतं, म्हणून ती जास्त वळतात. पहिल्या दिवशी मी सोसायटीच्या गेटातून एका दमात आत घेतली तर वॉचमन उभा राहून बघत होता. फक्त एवढं लक्षात ठेवा की चाकं वळली म्हणजे नाक वळलं असं नाही, बॉनेटचा कोपरा चाकाच्या बाहेरून फिरतो, तो तेवढा सांभाळायचा.

आणि उंचीचीच शंका असेल तर टेस्ट ड्राइव्हला एक बादली न्या. हसू नका. सीट तुम्हाला हवी तेवढी वर घ्या, पाय पॅडलला नीट पोचतायत ना बघा, मग कोणाला तरी बादली घेऊन बॉनेटसमोरून मागे मागे जायला सांगा आणि ती दिसायला लागली की थांबवा. ते अंतर पावलांनी मोजा. हेच आधी आपल्या जुन्या गाडीत करून ठेवा. मी शोरूममध्ये बादली नव्हती म्हणून त्यांचा कचऱ्याचा डबा वापरला, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मला कळलं की वॅगनआरपेक्षा मला साधारण दीड पाऊल जास्त आंधळं आहे. दीड पाऊल म्हणजे काही डोंगर नव्हे, सवय होते. हा सेल्समन आधी मला नुसतं हायवेवर फिरवून आणत होता, तिथे काय, ट्रकसुद्धा लहान वाटतो. मी म्हटलं, गाडी माझ्या घरी आणा, माझ्या पार्किंगमध्ये लावू द्या, तरच चेक देईन. आणली.

आता खरी गोष्ट.

सासर केळशीचं, दापोलीच्या अलीकडे. गेल्या गणपतीला आम्ही पाच जण निघालो, मी स्टिअरिंगवर, शेजारी दीर, मागे नवरा, सासूबाई आणि पुतण्या, डिकीत मखराचं सामान, शिवाय पुढे बॉनेटखाली जो कप्पा असतो त्यात सासूबाईंची पीठं आणि गूळ (पीठं बॉनेटखाली ठेवली म्हणून त्या माणगावपर्यंत काळजीत होत्या, ‘गरम होतील गं’, त्यांना सांगून थकले की तिथे इंजिन नाही). ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड. घाट उतरताना ब्रेकला पाय न लावता बॅटरी थोडी परत भरत होती ते पुतण्या मोठ्याने वाचून दाखवत होता. केळशीला पोचताना निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता, त्यामुळे ‘वाटेत बंद पडेल’ हा भाऊजींचा पहिला मुद्दा तिथेच निकालात निघाला. त्यांचा दुसरा मुद्दा म्हणजे वहिनींना ही गाडी मोठी आहे.

गावातले रस्ते ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंती, वर रान वाढलेलं, मध्ये एका गाडीपुरता डांबराचा पट्टा. संध्याकाळचे सहा, पाऊस धो धो, आणि वळणावर समोर दापोलीची एसटी. एसटी मागे जात नाही, तो प्रश्नच नाही, ती आल्यावर बाकी जग मागे जातं. म्हणजे मला साधारण शंभर मीटर रिव्हर्स घ्यायचा होता, मागच्या देवळाजवळ रुंद जागा होती तिथपर्यंत.

मी रिव्हर्स टाकला तर कॅमेऱ्यावर चिखल, स्क्रीनवर नुसती करडी खीर. सेन्सर दोन्ही बाजूंच्या गवताला बघून एकसारखे बोंबलायला लागले, मग मी ते बंद केले. दोन्ही काचा खाली घेतल्या, पाऊस आत. भाऊजी म्हणाले आरसे मिटा, जागा होईल. मी म्हटलं आरसे मिटले तर मागचं चाक कसं दिसणार. उलट दोन्ही आरसे खाली झुकवले, अगदी मागच्या चाकाची कड आणि गडग्याचं बूड दिसेल इतके. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं आहे, ते ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घ्यायचे, ते म्हणायचे मागे बघू नकोस, चाक बघ, चाक गेलं की सगळं गेलं.

आणि इथे भाऊजींनी काय केलं? ‘वहिनी, थांबा, तुम्हाला जमायचं नाही, उतरा, मी घेतो’ म्हणाले आणि मी गाडी थांबवल्याबरोबर त्यांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. गडगा त्या दारापासून हातभरसुद्धा लांब नव्हता. खट्ट असा आवाज आला. दार वीतभर उघडलं, पोट काही बाहेर जाईना, मग त्यांनी ते ओढून घेतलं आणि गप्प बसले. मी काहीच बोलले नाही कारण समोर एसटीने हॉर्न लावला होता. तेवढ्यात कंडक्टर उतरला, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, आमच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हाताने गाडीवर थाप मारत ‘येऊ द्या ताई, येऊ द्या, देवळाजवळ जागा हाय’ असं करत मला नेलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. कुठेही टेकली नाही. एसटी गेली तेव्हा ड्रायव्हरने हात वर केला, मला तेवढं बास होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला डाव्या पुढच्या दाराच्या कडेला टवका दिसला. पडवीत चहाला बारा माणसं, आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काल रिव्हर्सला घासली हो वहिनींनी, मी म्हणत होतो गाडी त्यांना मोठी आहे.’ घरात गणपती, माझ्या हातात मोदकाची उकड, मी काय बोलणार. तेव्हापासून प्रत्येक लग्नात मुंजीत ही गोष्ट सांगितली जाते आणि मी हसते.

तर आता इथे सांगते. गाडी चालत असताना घासली तर ओरखडा आडवा पडतो, दारावरून लांब ओढत जातो, आणि सगळ्यात आधी लागतो तो दाराचा फुगीर भाग. हा टवका नखाएवढा आहे, दाराच्या अगदी कडेवर आहे, उभा आहे, आणि त्याच्या आत जांभ्याची लाल भुकटी रुतलेली होती. दाराची कड दार बंद असताना बाहेर येतच नाही, ती गडग्याला लागणार कशी? गॅरेजवाल्या पोराला मी काही न सांगता दाखवलं, तो एका सेकंदात म्हणाला, मॅडम दार कोणी उघडलं?

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे बरं का. गाडी जिथून जाते तिथे ती मोठी नसते, जिथे दार उघडायचं असतं तिथे ती मोठी होते. आमच्या पार्किंगचा चौकोन अडीच मीटर रुंद आहे. त्यातून १९०७ गेले की उरले जेमतेम साठ सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून. मध्यावर लावली तर दोन्हीकडे एकेक फूट, त्यातून माणूस काय मांजर बाहेर येईल. म्हणून मी डावी बाजू भिंतीला चिकटवून लावते आणि सगळ्यांना आधी बाहेर उतरवते. तुमच्या चौकोनात खांब असेल तर चौकोन मोजू नका, खांबापासून मोजा, आणि शेजारचा रेषेवर लावतो का तेही बघा, तो काही तुमच्यासाठी सुधारणार नाही. खडूने जमिनीवर गाडीचं माप काढा, दोन दिवस तसंच ठेवा आणि येता-जाता बघा. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी त्यात लंगडी खेळली, ते सोडा.

यांत्रिक पार्किंग असेल, ते वर-खाली होणारं, तर तिथल्या पाटीवरची उंची आणि वजन दोन्ही वाचा. बॅटरीमुळे या गाड्या दोन टनांच्या घरात जातात. घ्यायच्या आधी वाचा, नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतील. आणि चार्जरची केबल गाडी उलटी लावल्यावरही पोचतेय का बघा. ७९ युनिटची बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रिकामीपासून पूर्ण भरायला अख्खा दिवस-रात्र घेते, घरी ७.२ किलोवॅटचा चार्जरचा बॉक्स बसवला तर बारा तासांच्या आसपास. रोज थोडं थोडं भरायचं असतं त्यामुळे मला काही अडत नाही.

आता थोडं प्रामाणिकपणे, नाहीतर भाऊजी खाली येऊन लिहितीलच. मंडईत मी ही गाडी नेत नाही. तुळशीबागेत नाही, सदाशिव पेठेत माझ्या बहिणीकडेही नाही, तिथे ॲक्टिव्हा. म्हणजे पुण्यातलं माझं निम्मं फिरणं दुचाकीवरच होतं, आणि वॅगनआर विकल्याचं मला महिन्यातून एकदा तरी वाईट वाटतं. तुमच्या घरात ही एकच चारचाकी राहणार असेल आणि रोज पेठेतच जायचं असेल तर नेक्सॉन ईव्ही बघा, चार मीटरच्या आत आहे, त्यात काही कमीपणा नाही. सासूबाईंना चढायला पाट लागतो, लाकडी, तो मी डिकीत ठेवते, बॅटरी खाली असल्यामुळे गाडीची जमीनच उंच आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते पहिल्या दिवशी कळतं, तुमच्या घरी कोणी असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्याच. आणि पाच माणसं घेऊन मी वर्षात किती वेळा गेले ते मोजलं तर सहा वेळा. बाकी सगळे दिवस मी एकटी. हेही खरं आहे.

पण घरचे ‘मोठी होईल’ म्हणतात तेव्हा त्यांना विचारा, कशाला मोठी, कुठे मोठी, किती इंच? टेप हातात द्या. आमच्याकडे कोणी घेतली नाही.

तो टवका मी अजून बुजवून घेतलेला नाही, मुद्दाम. यंदा अधिक महिना आला म्हणून गणपती सप्टेंबरात आहेत, तोवर राहू दे. भाऊजी, वाचत असाल तर यंदा तुम्ही मागे बसा, उजवीकडे, आईंच्या शेजारी, आणि मी सांगेपर्यंत दाराला हात लावू नका.