एखाद्या समाजाला पडलेलं नाव अपमानास्पद आहे की नाही, हे कोण ठरवतं?

तुमचा मित्र बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी समाजाला, सर्रास 'शनवार तेली' म्हणतो आणि कुणी हटकलं की 'अहो, ते स्वतःच म्हणतात' असं सांगतो. मग यात अपमान आहे की नाही हे ठरवणार कोण, असं तुम्ही विचारलंय.

ज्यांना ते नाव चिकटलंय, ते ठरवणार. पण 'ते' म्हणजे नक्की कोण, इथे खरी गोची आहे, आणि तुमच्या मित्राने तिथेच सोयीची वाट धरलीय.

मी अलिबागकडचा. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, तिथल्या प्रार्थनास्थळाला जुनी माणसं मशीदच म्हणतात. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजातून जे वाचले त्यांचे आपण वंशज, असं हा समाज मानतो. आडनावं नवगावकर, केहिमकर, रोहेकर. पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा यहुद्यांच्या विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात विष होतं असं मला वाटत नाही.

एकदा अशाच एका घरी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या देवाचे आभार मानायच्या विधीला, गेलो होतो. परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, कडेने केळी आणि खजूर. शेजारचे आगरी काका मला ओळख करून देताना म्हणाले, "हे आमचे शनवार तेली बरं का!" घरच्या आजी नारळ खवता खवता हसल्या. "मग! सासऱ्यांचा घाणा होता आमच्या. शनवारी बैल जुंपला नाही कधी." ठाण्याहून आलेली नात मात्र ताडकन म्हणाली, "आजी, हसतेस काय? मला नाही चालणार असं म्हटलेलं." काका वरमले. आजी क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तिला नको ना, मग नका म्हणू हो भाऊ."

आजींचा अभिमान मला कळतो. इस्राएलला गेलेल्या त्यांच्या लोकांच्या यहुदीपणावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतली, लग्नं अडवली. मोठी आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९६४ साली त्यांची बरोबरी मान्य झाली. ज्यांच्या धर्मावरच संशय घेतला गेला, त्यांना शेजाऱ्यांनी शनिवार बघून ठेवलेलं नाव साक्षीसारखं वाटलं तर नवल नाही. पण नातीचंही तितकंच खरं. आपल्याकडे नावाला जात जोडली की समोरचा लगेच पायरी मोजतो. (तेली म्हणवून घेण्यात कमीपणा का वाटावा, हा त्याहून जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी तेली समाजाला द्यायला हवं.)

आजी आपल्यापुरतं बोलल्या. त्यांचा दाखला देऊन नातीला गप्प बसवायचा हक्क बाहेरच्या कुणालाही नाही. तुमचा मित्र नेमकं तेच करतोय, आणि मला त्याचाच राग येतो. एकाच समाजात दोन मतं असली तर ज्याला लागतं त्याचं ऐकायचं.

'आमचा हेतू चांगला होता' यानेही काही सुटत नाही. 'हरिजन' हे नाव गांधीजींनी चांगल्याच भावनेने रूढ केलं. पण १९३८ साली मुंबई विधानसभेत हे नाव कायद्यात घालायचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब, ज्यांचं मूळ गाव आपल्याच कोकणातलं आंबडवे, विरोध करून सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांच्यासाठी नाव काढलं त्यांनीच ते नाकारलं. तो शब्द अपमानकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते २०१७ साली. मधली जवळजवळ ऐंशी वर्षं तो बोलला गेलाच.

म्हणून कोर्टावरही सोडू नका. 'अलिबाग से आया है क्या' असं म्हणून समोरच्याला बावळट ठरवतात, त्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. त्याने फक्त एवढं ठरलं की कायदा बंदी घालणार नाही. ते ऐकून आमच्याकडच्या पोराला मुंबईच्या कॉलेजात काय वाटतं, हे कुठलंही कोर्ट ठरवू शकत नाही.

इतिहास लिहिताना 'शनवार तेली' लिहावंच लागेल, ते पुसू नये. समोरच्या जित्या माणसाची ओळख करून देताना मी बेने इस्राएल म्हणतो, आणि शक्य तिथे सरळ त्याचं नाव आणि आडनाव.