‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’

प्रश्न : एका माहितीपत्रकात शनिवारवाड्याला ‘हिस्टॉरिक’ आणि पेशवाईवरील कादंबरीला ‘हिस्टॉरिकल’ म्हटले आहे. मराठीत दोन्ही ‘ऐतिहासिक’च, मग हा भेद कशासाठी? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : माहितीपत्रकातील दोन्ही योजना अचूक आहेत. ज्या घटनेला वा वास्तूला इतिहासात महत्त्व प्राप्त झाले, ती ‘हिस्टॉरिक’; ज्याचा केवळ इतिहासाशी, भूतकाळाशी संबंध आहे, ते ‘हिस्टॉरिकल’, मग ते महत्त्वाचे असो वा नसो. 1848 साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, ही घटना निःसंशय ‘हिस्टॉरिक’ आहे. परंतु पेशवे दफ्तरातील एखाद्या गावच्या वसुलीचा साधा कागद, अभ्यासकाला कितीही मोलाचा वाटला, तरी ‘हिस्टॉरिकल’ दस्तऐवजच ठरतो. कादंबरीचे तसेच आहे : तिचा विषय जुन्या काळातला असतो, ती स्वतः इतिहास घडवते असे नाही. जुन्या इंग्रजीत मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत, त्यामुळे जुन्या ग्रंथातील असा वापर चूक समजू नये.

‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ ही जोडीही अशीच आहे. धोरण ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थविषयक असते, तर कमी पेट्रोलवर चालणारी दुचाकी ‘इकॉनॉमिकल’. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘इकॉनॉमिकल पॉलिसी’ वारंवार आढळते आणि त्याचा अर्थ ‘काटकसरीचे धोरण’ असा होऊन बसतो. शिक्षकांनी हा फरक आवर्जून समजावून सांगावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.