शिसवी आणि शीशम

इंदूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, घरातल्या जुन्या पलंगाला आजी 'शिसवी' म्हणत असत आणि दुरुस्तीला आलेला सुतार त्यालाच 'शीशम' म्हणतो, तर ही एकाच झाडाची मराठी आणि हिंदी नावे समजावीत काय?

तसे समजू नये. दोन्ही शब्दांचे नाते संस्कृत 'शिंशपा'शी जोडले जाते (प्राकृतात त्याचे 'सीसवा' झाले आणि मराठीत 'शिसव'), पण झाडे दोन आहेत. आपला शिसव म्हणजे, शास्त्रीय नावाने, डाल्बर्जिया लॅटिफोलिया. तो सह्याद्रीत आणि मध्य भारतातील पानझडी जंगलांत वाढतो. हिंदीतला शीशम म्हणजे डाल्बर्जिया सिसू, मराठीत शिसू. तो मूळचा हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांच्या गाळवट काठांवरचा असून पुढे रस्त्यांच्या कडेने दूरदूर लावला गेला. घोटाळा होतो तो हिंदीत शिसवालाही 'काला शीशम' म्हणतात म्हणून. बोलण्याच्या ओघात त्यातला 'काला' सहज गळतो.

झाड समोर असेल तर पान पाहावे. दोन्हींचे पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोटी पाने असलेले असते आणि ही छोटी पाने, म्हणजे पर्णिका, समोरासमोर न येता एकाआड एक येतात. शिसूच्या पर्णिका बहुधा 3 ते 5 असतात, त्यांचे टोक एकदम निमुळते होते आणि त्यांना धरणारा मधला देठ नागमोडी असतो. शिसवाच्या पर्णिका बहुधा 5 ते 7, रुंद, गोलसर आणि टोकाशी बोथट किंवा किंचित खाचलेल्या असतात. 'लॅटिफोलिया' म्हणजे रुंदपर्णी, ते यामुळेच. फुले दोन्हींची लहान व पांढरट, शेंगा चपट्या. त्यांवरून ओळखण्याच्या भरीस सामान्य माणसाने पडू नये.

पलंगाचा निवाडा मात्र लाकडावरूनच करावा लागेल. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी ते काळपट असतो, तर शिसूचा सोनेरी छटेचा तपकिरी, गडद रेघांचा. पॉलिशवर विसंबू नये, कारण ते कशालाही काळे करते. खालच्या बाजूस, जिथे पॉलिश पोहोचलेले नाही, तिथे रंध्याचा एक हलका हात मारून पाहावा.

राहिला व्याकरणाचा भाग. 'सागवान' वरून 'सागवानी', तसे 'शिसव' वरून 'शिसवी' हे विशेषण झाले, म्हणून आजींचा 'शिसवी पलंग' अगदी शुद्ध आहे. झाडालाच 'शिसवी' म्हणणे आता रूढ झाले असल्याने ते चूक म्हणता येणार नाही, पण लिहिताना मी 'शिसवाचे झाड' असेच लिहितो.