रोज रात्री चिंता देवावर सोपवते, सकाळी ती पुन्हा माझ्याच डोक्यावर असते. माझा विश्वास कमी पडतो का?

नाही ताई, विश्वास कमी पडत नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने एकाच रात्रीत तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले, असं मत्तयने 26व्या अध्यायात लिहून ठेवलंय. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' असं पित्याला एकदा सांगून तो मोकळा झाला नाही. उठला, झोपलेल्या शिष्यांपाशी गेला, परत आला आणि पुन्हा तेच मागितलं. खुद्द त्यालाच ती रात्र अशी काढावी लागली, तर तुमची चिंता सकाळी परत येते यात तुमचा काय दोष?

तुम्ही म्हणता, चर्चमध्ये सांगतात की चिंता देवावर टाका. हे वचन येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातलं: 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' कॅलेंडरवर, घरातल्या तसबिरीवर ते हमखास असतं. पण त्याच्या लगेच पुढची ओळ कोणी छापत नाही. ती सांगते: सावध असा, जागे राहा. हे पत्र आजच्या तुर्कस्तानात विखुरलेल्या, विश्वासापायी छळ सोसणाऱ्या माणसांना लिहिलेलं होतं. उद्या आपल्यावर काय वेळ येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना पेत्र एका दमात दोन्ही सांगतो, चिंता टाका आणि जागे राहा. म्हणून कोणी 'देवावर सोड आणि निवांत हो' म्हणालं की मला ते अर्धवट वाटतं. आणि 'सोपवलं की काम होतंच' ही शिकवण तर मला मुळीच पटत नाही. 'हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो' असं येशूने गेथशेमानेत मागितलं होतं, पण तो प्याला टळला नव्हता.

तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट जाणवली. तुम्ही रात्री सोपवता. रात्री दिवस संपलेला असतो, करण्यासारखं काही उरलेलं नसतं, उरते ती नुसती काळजी. तेवढीच आपण देवापुढे नेतो. सकाळी मात्र हातात काम असतं. माझं सांगणं इतकंच की काळजीबरोबर ते कामही द्या, आणि सकाळी द्या.

आमच्या वसईकडच्या कॅथलिक घरांत उठल्याबरोबर सकाळचं अर्पण म्हणायची रीत आहे. आजची प्रार्थना, काम, सुख, दुःख सगळं प्रभूला वाहायचं. तिच्या जगभरच्या प्रसारामागे फ्रान्समधली एक घटना आहे. वाल्स गावी येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे, तरुण विद्यार्थी शिकत होते. त्यांना दूरदेशी मिशनवर जायची घाई झालेली, पुस्तकांत मन लागेना. 3 डिसेंबर 1844 रोजी, भारतात आलेले मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला, फादर गोत्रले यांनी त्यांना समजावलं की तुमचा अभ्यास, तुमचा थकवा, दिवसभरातली बारीकसारीक कामं मिशनसाठी देवाला अर्पण करा. तेही मिशनचंच काम आहे. पुढे फ्रान्समधल्याच लिस्यूच्या संत तेरेजाने हेच जगून दाखवलं. पंधराव्या वर्षी मठात गेली, क्षयाने चोविसाव्या वर्षी, 1897 साली वारली. आजारात तिला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. पाऊल उचलवत नव्हतं. सोबतची सिस्टर म्हणाली, अगं बस जरा. तर तिचं उत्तर असं की कुठेतरी एखादा मिशनरी थकला असेल, त्याच्यासाठी चालतेय. मिशनवर कधीही न गेलेल्या या मुलीला 1927 मध्ये चर्चने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केलं, तेही फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने.

मुलीची फी, आईचं औषधपाणी असल्या गोष्टी देवापुढे मांडायच्या का, हे तुम्ही संकोचून विचारलंय. तुम्ही मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जात असाल तर अर्पणाच्या वेळी वेदीकडे नीट बघा. चषकात द्राक्षारस ओतल्यावर फादर काचेच्या छोट्या सुरईतून त्यात पाण्याचा थेंब घालतात. इतकं थोडं की मागच्या बाकावरून दिसतसुद्धा नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी याचा अर्थ लिहिलाय: द्राक्षारस ख्रिस्ताचं रक्त, पाणी म्हणजे आपण सगळे, आणि एकदा मिसळलं की कोणी ते वेगळं काढू शकत नाही. त्या थेंबात मी दर रविवारी त्या आठवड्याचं काहीतरी नाव घेऊन घालते. मोठं काही नसतं.

सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा रोज पेजच असायची. चमचा तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यायचा, त्या गिळेपर्यंत थांबायचं, हनुवटीवर ओघळलेलं पुसायचं, मग पुढचा चमचा. अर्धी वाटी पोटात, अर्धी टॉवेलवर. त्या बऱ्या होतील की नाही हे माझ्या हाती नव्हतं. हातात होता तो चमचा. 'प्रभू, हा तुझा' एवढंच म्हणायचे आणि भरवायचे. त्या बऱ्या झाल्या नाहीत. काळजी शेवटपर्यंत होती. पण त्या खोलीत मी एकटी आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि सोपवणं म्हणजे काय हे मला कळलं असेल तर तिथेच.

तेव्हा फीची रक्कम, भरायची तारीख, सगळं देवाला नीट सांगा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे मागायला त्यानेच शिकवलंय ना? आणि त्याच दिवशी शाळेच्या ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मिळतील का विचारा. तुमच्या चर्चमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर फादरांच्या कानावर घाला. गरजू कुटुंबांना मदत करणं हेच त्यांचं काम आहे. 'एकमेकांची ओझी वाहा' असं पौलाने गलतीकरांना लिहिलंय, त्यामुळे लाजू नका. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. वैद्याला परमेश्वरानेच निर्माण केलं, त्याचा मान राखा, असं कॅथलिक बायबलातल्या बेनसिराच्या ग्रंथात 38व्या अध्यायात आहे.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण उद्या सकाळच्या अर्पणात तुमच्या आईला आणि मुलीच्या फीला घेते.