नाशिकमध्ये १०० एमबीपीएसचे पैसे भरूनही घरचं इंटरनेट संथ का?

आधी एक हिशोब. प्लॅनमधले १०० म्हणजे मेगाबिट. डाउनलोड होताना दिसतात ते मेगाबाइट. आठाने भागा, सेकंदाला १२.५ येतात. तेवढेही मिळत नसतील तर राउटरमधून लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावून मोजा. वायफायवरचा आकडा दाखवला की कंपनीवाले 'तुमच्या भिंती जाड आहेत' म्हणून हात झटकतात.

आमच्या सिडकोतल्या घरी वायरवर दुपारी ९० एमबीपीएस यायचे आणि रात्री नऊनंतर ११. आठ दिवस रोज वेळेसकट स्क्रीनशॉट काढले, तेव्हा कुठे कंपनीवाले कबूल झाले की गल्लीत कनेक्शनं वाढत गेली, पण मागून येणारी लाइन तेवढीच राहिली. संध्याकाळी नेट रडतं ते बहुतेक यामुळेच. पोरीचा ऑनलाइन क्लास मधेच अडकायचा, याचा मला अजून राग येतो. पैसे तर महिन्याचे आगाऊ घेतात.

तक्रार तोंडी ठेवू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, धावू नका, वैयक्तिक तक्रारी ते सोडवत नाहीत.

किमतीचं म्हणाल तर जाहिरातीतले ४९९ हे १८ टक्के जीएसटी धरून ५८९ होतात. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो तेही विचारा. आणि शेजारी रात्री किती वेग येतो हे पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे एकदम भरू नका.