बाईंना विचारा : गेटिसबर्गचे दगड

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, म्हणजे देश एक ठेवू पाहणारी उत्तर आणि फुटून निघालेली दक्षिण ह्यांच्या युद्धातल्या, गेटिसबर्गच्या रणभूमीवर अर्धं पान लिहिलं होतं. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, १ ते ३ जुलै १८६३ ही लढाई, दोन्ही बाजू मिळून मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता असे सुमारे ५१ हजार. मुलीकडे मेरीलँडला गेले की मी तिथं एक चक्कर मारतेच. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही चार.

*बाई, आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनजवळ मुलाकडे जातोय. तिथं तेराशेच्या वर स्मारकं आहेत असं तुम्ही लिहिलंत. ह्यांचे गुडघे दुखतात, आणि अमेरिकेचा इतिहास आम्हाला लिंकनपलीकडे ठाऊक नाही. एका दिवसात काय पाहावं? – नाशिकच्या वाचक*

वॉशिंग्टनहून अंतर साधारण १३० किलोमीटर, तेव्हा सकाळी लवकर निघा. बहुतेक सगळं गाडीतून उतरून चार पावलांवर आहे, फक्त राष्ट्रीय दफनभूमीत चालावं लागतं. तिथूनच सुरुवात करा. लिंकनचं दोन मिनिटांचं प्रसिद्ध भाषण १९ नोव्हेंबर १८६३ ला ह्याच दफनभूमीच्या समर्पणाच्या वेळचं. त्याच्या आधी त्या काळचे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातले प्रमुख पाहुणे आठवून मला दर वेळी हसू येतं.

मधल्या स्तंभाभोवती अर्धवर्तुळात थडग्यांच्या ओळी आहेत, राज्यवार. अधिकारी आणि शिपाई ह्यांच्यात भेद ठेवलेला नाही. साडेतीन हजारांहून अधिक सैनिक आहेत, जवळजवळ सगळे उत्तरेचे. त्यातल्या ९७९ जणांची ओळख पटली नाही; त्यांच्या वाट्याला हाताएवढा चौकोनी संगमरवर आणि त्यावर एक आकडा.

मग पेनसिल्व्हेनिया राज्याचं स्मारक. सगळ्यांत मोठं तेच, घुमटाचं, १९१० चं. भोवती ब्राँझच्या पाट्यांवर ३४ हजारांवर नावं आहेत. लोक तिथंच फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका. त्याच रस्त्यावर थोडं पुढं उत्तरेच्या बाजूनं लढलेल्या, मिनेसोटा राज्याच्या पहिल्या रेजिमेंटचं स्मारक आहे. चौथऱ्यावर संगीन रोखून धावणारा एक शिपाई, बस्स. २ जुलैच्या संध्याकाळी दक्षिणेची एक ब्रिगेड उत्तरेच्या फळीतल्या भगदाडात घुसत होती आणि मागची कुमक यायला काही मिनिटं हवी होती. उत्तरेच्या जनरल हॅनकॉकनं ह्या २६२ जणांना अंगावर जायला सांगितलं. २१५ पडले. त्यांनी मिळवलेली ती मिनिटं पुरली.

आता माझी एक खास विनंती. उत्तरेच्या बहुतेक रेजिमेंटच्या स्मारकांच्या दोन्ही बाजूंना, काही अंतरावर, गवतात गुडघ्याएवढे दगड असतात. त्यावर 'एल.एफ.' किंवा 'आर.एफ.' कोरलेलं. म्हणजे डावी बगल आणि उजवी बगल. इथून तिथवर माणसं उभी होती. ते दोन दगड शोधा, आणि ह्यांना एकाशी उभं करून तुम्ही दुसऱ्यापाशी जा. आपल्याकडच्या वीरगळांवर लढाई कोरलेली असते, वर स्वर्गही असतो, पण वीर नेमका कुठं पडला ते बहुतेकदा कळत नाही. इथं उलट आहे. स्वर्ग नाही, जागा मात्र पक्की. ती इतकी पक्की की ७२ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटचे म्हातारे सैनिक त्यापायी कोर्टात गेले. स्मारक समिती म्हणत होती, तुमची मूळ फळी मागे होती, दगड तिथंच बसेल. हे म्हणत होते, आम्ही पुढच्या दगडी भिंतीपर्यंत लढलो. १८९१ मध्ये ते जिंकले. बंदूक उलटी धरून दस्त्यानं हाणणारा त्यांचा शिपाई आज भिंतीपाशीच आहे.

जमलं तर ११ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटचं स्मारकही बघा, पण समोरून. पायथ्याशी सॅली नावाच्या त्यांच्या कुत्रीचा पुतळा आहे. ती जखमी आणि मेलेल्यांजवळ बसून राहिली होती. १८६५ मध्ये दुसऱ्या एका लढाईत गोळी लागून गेली.

*घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी झाला होता, दोन वर असतील तर रणात पडला, चारही खाली असतील तर सुखरूप. आपल्याकडे पुतळ्यांबद्दल हे सांगतात. गेटिसबर्गलाही असंच आहे का? – कोल्हापूरचा एक विद्यार्थी*

तिथले गाइडही हे सांगत आले आहेत, आणि गंमत म्हणजे बरीच वर्षं ते जुळतही होतं. उत्तरेचा सेनापती मीड, त्याचा घोडा चारी पायांवर, मीड सुखरूप. हॅनकॉकच्या घोड्याचा एक पाय वर, तो जखमी. उत्तरेच्याच जनरल रेनॉल्ड्सच्या घोड्याचे दोन, तो ठार. मग १९९८ मध्ये दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला. घोड्याचा पाय वर, आणि लाँगस्ट्रीटला गेटिसबर्गात खरचटलंही नव्हतं! योगायोग होता, नियम नव्हता. परीक्षेत लिहू नकोस.

*गुलामगिरी टिकवण्यासाठी देश फोडायला निघालेल्यांचीही स्मारकं तिथं का? हरलेल्यांना हा मान कुणी दिला? मुलं विचारतात, मला सांगता येत नाही. – न्यू जर्सीहून एक आई*

आधी काय दिलं नव्हतं ते पाहू. लढाईनंतर उत्तरेच्या सैनिकांचे देह उकरून दफनभूमीत नेले, दक्षिणेचे शेतात पुरले होते तिथंच राहिले. शेतकरी त्यावरून नांगर चालवत होते. १८७१ ते १८७३ मध्ये दक्षिणेतल्या बायकांच्या संस्थांनी ते मागवून घेतले. डॉक्टर रूफस वीव्हर ह्यांनी ३,३२० जणांचे अवशेष पेट्यांत भरून पाठवले, बहुतेक युद्धकाळातल्या दक्षिणेच्या राजधानीला, रिचमंडला. वीव्हरना पैसे पूर्ण मिळाले नाहीत ते नाहीतच.

स्मारकं नंतरची. व्हर्जिनियाचं, घोड्यावर बसलेल्या दक्षिणेच्या सेनापती लीचं, १९१७ चं. टेनेसीचं तर १९८२ चं. म्हणून मुलांना एक सवय लावा: दगडावर आधी वर्ष वाचायचं. साउथ कॅरोलायनाचं स्मारक १९६३ चं आहे. त्यावर राज्यांच्या हक्कांच्या पावित्र्याची भाषा आहे, गुलामगिरीचा शब्द नाही. ह्याच राज्यानं १८६० मध्ये फुटून निघतानाच्या जाहीरनाम्यात मात्र गुलामगिरीचं कारण उघड मांडलं होतं. आणि १९६३ म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनला बोलले ते वर्ष. तो दगड मला १८६३ पेक्षा १९६३ बद्दल जास्त सांगतो. काढून टाकावा का? मी तिथली नागरिक नाही, पण इतिहासाची मास्तरीण म्हणून मला तो तिथंच, शेजारी १८६० चा जाहीरनामा लावून, हवा आहे.

१९३८ च्या शांतिज्योतीच्या स्मारकापाशीही मुलांना न्या. अनावरणाला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले होते, दोन्ही बाजूंचे नव्वदी ओलांडलेले सैनिक आले होते. पाया उत्तरेतल्या मेनचा ग्रॅनाइट, वरचा स्तंभ दक्षिणेतल्या अलाबामाचा चुनखडक. छान कल्पना आहे. फक्त ह्या गळाभेटीत काळी माणसं कुठं होती, हे विचारायचं राहून जातं.

लढाईच्या वेळी ती इथं होती. लीच्या फौजेनं पेनसिल्व्हेनियात शिरताना स्वतंत्र काळ्या लोकांनाही धरून दक्षिणेला नेलं. गेटिसबर्गचे काळे शेतकरी बेझिल बिग्ज निसटले, परत आले आणि त्याच हिवाळ्यात माणसं घेऊन मेलेल्या सैनिकांना बाहेर काढण्याचं काम त्यांनी केलं. मुख्य ठेकेदाराचा दर होता देहामागे १.५९ डॉलर. पुढं ह्याच गावातले, उत्तरेच्या बाजूनं लढलेले काळे सैनिक वारले ते राष्ट्रीय दफनभूमीत नव्हे, गावातल्या वेगळ्या लिंकन सिमेटरीत पुरले गेले. बिग्जही तिथंच आहेत. बसच्या सहलीत ती जागा सहसा नसते. तुम्ही मुलांना घेऊन जा.

*तिकीट किती? गाइड घ्यावा का? भाचा गाडी चालवणार आहे. – ठाणे*

रणभूमी फुकट, तिकीट फक्त संग्रहालयाला आणि लढाईच्या १८८४ च्या प्रचंड गोलाकार चित्राला. ते चित्र जरूर पाहा. परवानाधारक गाइड घ्याच, आधी बुकिंग करून. तो तुमच्याच गाडीत बसतो आणि सहसा गाडीही तोच चालवतो, तेव्हा भाच्याला आधी कल्पना द्या.