ब्रासवाले सात होते की दोन?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की डोक्यातून न जाणारा एखादा लाइव्ह शो सांगा आणि त्याबद्दल काही शंका असेल तर तीही विचारा. पत्रं भरपूर आली, त्यातली तीन एकाच विषयावर निघाली, म्हणजे फिश, ग्रेटफुल डेड अशा अमेरिकन ‘जॅम बँड’वर (स्टेजवर सुचेल तसं गाणं लांबवत वाजवणारे बँड), म्हणून ती एकत्र घेतोय.

प्रश्न : मी 1996 ला अटलांटात एमएस करत होतो. रूममेट म्हणाला चल, हॅलोविनला फिशचा शो आहे, एक तिकीट जास्तीचं आहे. मला फिश म्हणजे फक्त पापलेट आणि सुरमई माहीत, पण गेलो. ऑम्नी नावाचा मोठा हॉल, लोक कसल्या कसल्या वेषात आलेले, दारात एक छापील पुस्तिका दिली ती मी तिथेच कुठेतरी हरवली. मधल्या सेटला सहा-सात ब्रासवाले स्टेजवर आले आणि पुढचा तासभर मी जागेवर उभा राहून नुसता हलत होतो, मला नाचता येत नाही तरी. ते सगळे कोण होते? आणि मला वाटतं त्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी अख्खा अल्बम वाजवला, हे खरं की माझ्या डोक्यातलं? (नाशिक)

उत्तर : दादा, अल्बमचं एकदम खरं, सात जणांचं तेवढं खोटं. ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यं फुंकणारे, दोनच होते! सॅक्सोफोनवर डेव्ह ग्रिपो आणि ट्रम्पेटवर गॅरी गॅम्बल. त्यांच्या जोडीला तालवाद्यांवर कार्ल पेराझो, जो सँटानाच्या बँडमधला. म्हणजे पाहुणे तीन आणि घरचे चार. बेरीज सात येते, तेव्हा तुमचा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही, तुम्ही फक्त सगळ्यांच्या हातात पितळ दिलंत.

फिशची ही हॅलोविनची, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या वेषांतराच्या सणाची, पद्धत 1994 पासूनची. मधल्या सेटला दुसऱ्या बँडचा पूर्ण अल्बम वाजवायचा आणि त्याला ते वेषांतरच म्हणतात, फक्त सुरांचं. पहिल्या वर्षी बीटल्स झाले, 1995 ला शिकागोजवळ द हू, तेव्हाही ग्रिपोसकट चार वाजवणारे बाहेरून आणले होते. तुम्ही ऐकलात तो टॉकिंग हेड्सचा 1980 चा ‘रिमेन इन लाइट’. तो स्टुडिओत थरावर थर चढवून केलेला अल्बम, आफ्रिकन तालाच्या नादाने, एकाच ठेक्यावर दहा गोष्टी चाललेल्या. टॉकिंग हेड्सनाही तो स्टेजवर न्यायला जास्तीची माणसं घ्यावी लागली होती, मग फिशच्या चौघांना कसा पुरणार? म्हणून पाहुणे.

आणि त्या रात्रीची खरी गंमत पुढे आहे. फिश बँड तोवर भराभर, चढत्या सुरांचं, थोडं उड्या मारणारं वाजवायचा. अटलांटानंतर 1997 मध्ये तेच चौघे सावकाश, जाड, एकाच ठेक्यावर बसून फंक वाजवायला लागले. जुने चाहते या बदलाचं मूळ त्या रात्रीत शोधतात आणि मला ते पटतं. तो हॉल मात्र जुलै 1997 मध्ये स्फोट करून पाडला, ऑलिम्पिकचं व्हॉलीबॉल तिथे होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. रेकॉर्डिंग 2002 ला अधिकृतपणे निघालंय, ऐका आणि ब्रासवाले मोजा.

प्रश्न : जॅम बँडमध्ये पाहुणे ब्रासवाले म्हणजे खिचडीत श्रीखंड, असं माझं स्पष्ट मत. गाणं कुठे वळणार हे गिटारवाल्यालाच माहीत नसतं तर ट्रम्पेटवाला काय करणार? (सोलापूर)

उत्तर : तुमच्या बाजूने पुरावा आहे, आधी तोच देतो. मार्च 1971, न्यूयॉर्कचा फिलमोर ईस्ट हॉल, ऑलमन ब्रदर्स बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग. त्यांच्यातल्या ड्वेन ऑलमनने हौसेने ब्रासवाले आणले. निर्माता टॉम डाउडने ऐकलं आणि डोक्याला हात लावला, कारण सूर लागेना. दुसऱ्या दिवशी ब्रासवाले घरी. पुढे निघालेला तो अल्बम आजही लाइव्ह रॉकचा नमुना म्हणून ऐकतात. 1973 च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटफुल डेडने दौऱ्यात सॅक्स आणि ट्रम्पेट घेतला तेव्हाही बऱ्याच चाहत्यांनी नाकं मुरडली.

यात एक साधी तांत्रिक अडचणही आहे. गिटारवाल्यांना ई ही पट्टी फार सोयीची. पण ट्रम्पेट बी फ्लॅट पट्टीचा आणि आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्यामुळे त्याच ई साठी ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सहा शार्प (चढवलेले सूर) येतात आणि सॅक्सवाल्याच्या सात. वर श्वासही माणसाचाच, वीस मिनिटं एकच फ्रेज तो वाजवू शकत नाही. म्हणून ब्रास चालतो तो दोनच प्रकारे. एक तर कागदावर पक्कं लिहून, तालीम करून, जसं अटलांटात. नाहीतर ऐकत ऐकत, आणि त्याला माणूस तसा लागतो. 29 मार्च 1990, न्यूयॉर्कजवळचं नासाउ कोलिझियम, ब्रॅनफर्ड मार्सालिस ग्रेटफुल डेडबरोबर सॅक्स घेऊन उभा राहिला. जॅझवाला माणूस, मान वर करून ऐकतो, जागा सोडतो, मग शिरतो, डेडच्या जेरी गार्सियाची गिटार आणि मार्सालिसचा सॅक्स एकमेकांना अक्षरशः सवाल-जवाब करतात. ते ऐकून झाल्यावरही खिचडी-श्रीखंड म्हणालात तर मी पुढच्या अंकात माफी छापतो, पण ऐका आधी.

प्रश्न : भावाकडे अमेरिकेतून आणलेल्या अशाच शोच्या वीसेक कॅसेट आहेत, हाताने लिहिलेली लेबलं. घरचे म्हणतात चोरीचा माल, फेकून दे. (पुणे)

उत्तर : अजिबात फेकू नका! डेडने 1984 पासून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच ठेवली होती आणि फिशनेही रेकॉर्डिंगला परवानगी दिलेली, अट एकच की विकायचं नाही, आपसात वाटायचं. घरच्यांना हे वाचून दाखवा. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली टेप सुटते, आणि प्लेअरचं हेड आधी साफ करा. आणि हो, त्यात 31 ऑक्टोबर 1996 असं लिहिलेली निघाली तर आम्हाला कळवा, नाशिकच्या दादांचा पत्ता आमच्याकडे आहे.